अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी "वैयक्तिक माहिती" म्हणून नाकारली. अपील करू का? आणि कायद्यासाठी आपण काय मागायचं?

मांजराकाठची:

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल.

सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरेचं पाणी आमच्या शिवारात शिरलं. सोयाबीन काढणीला आलं होतं. सासूबाईंच्या नावावर नदीला लागून १ हेक्टर २० आर जिरायत आहे. पाणी ओसरलं तेव्हा सगळा तुकडा या बांधापासून त्या बांधापर्यंत सारखाच काळा पडला होता, शेंगांना कोंब फुटले होते. पंचनाम्याला माणसं आली, बांधावर उभं राहून फोटो काढले, सातबारा पाहिला आणि गेली.

पुढे अनुदानाच्या यादीतले प्रत्येकाचे विशिष्ट क्रमांक आले. केवायसीसाठी मी सासूबाईंना घेऊन सेवा केंद्रावर गेले. आयुष्यभर खुरपं धरून त्यांच्या बोटांच्या रेघा गेल्यात, अंगठा काही केल्या उमटेना. केंद्रावरच्या पोरानं ओल्या फडक्यानं पुसून पाच-सहा वेळा लावायला लावला, शेवटी मधल्या बोटावर जमलं. पडद्यावर आलं: क्षेत्र ०.४० हेक्टर, रक्कम ३,४००. हेक्टरी ८,५०० नं १०,२०० व्हायला हवे होते. सासूबाई मला म्हणाल्या, "म्हंजी बाकीच्या रानात पाणी आलंच न्हाई का गं?" मला काही बोलता आलं नाही.

गावात विचारलं तर असे बरेच निघाले. आणि टेकाडावरच्या, जिथं पाणी चढलंच नाही अशा काही जणांना पूर्ण क्षेत्राचे पैसे पडल्याचंही कानावर आलं. खरं-खोटं करायचं तर यादी बघायला हवी. म्हणून डिसेंबरमध्ये दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहितीच्या अधिकारात अर्ज दिला. आमच्या एका गावाची यादी मागितली: नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र, मंजूर रक्कम. सोबत पंचनाम्यांच्या प्रती. २८ व्या दिवशी उत्तर आलं, एकच ओळ: "मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) नुसार देता येत नाही."

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, अपील करण्यात अर्थ आहे का? दुसरी, आमच्या तालुक्यात काही संघटनांनी "माहिती अधिकार वाचवा" म्हणून बैठक ठेवलीय. कायदा बदलल्यामुळे असं होतंय म्हणतात. आमच्या बचत गटाच्या बायका विचारतायत, आपण जायचं का, आणि जाऊन नेमकं मागायचं काय? दिल्लीतला कायदा आपल्याच्यानं कसा बदलणार?

———

वकिलीचं दुसरं वर्ष:

ताई, अपील नक्की करा. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत, जोडपत्र ब म्हणजे अपिलाचा नमुना, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टँप. बारनिशीत, म्हणजे आवक टेबलावर, देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.

मुद्दे थोडक्यात. नाकारणं योग्य होतं हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) नुसार जन माहिती अधिकाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही. नकार देताना कारणं, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील देणं कलम ७(८) नुसार बंधनकारक आहे. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. आणि खाते क्रमांक, आधार क्रमांक झाकून बाकीचं द्यायची सोय कलम १० मध्ये आहे. तुम्ही तर ते मागितलेलेच नाहीत.

———

अभिलेख कक्ष:

ताई, मी महसूल खात्यात बत्तीस वर्षं काढली. अव्वल कारकून होतो, शेवटची काही वर्षं नायब तहसीलदार, आणि त्या काळात जन माहिती अधिकारी. म्हणजे तुम्हाला आलं तसलं पत्र मी स्वतः लिहिलेलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वरच्यांनी सांगितलेले मुद्दे बरोबर आहेत. त्यात एक जोडा, माझ्या मते सगळ्यात वजनदार. कलम ४(१)(ख) मध्ये कार्यालयानं कुणी न मागता काय प्रसिद्ध करायचं याची यादी आहे. त्यातल्या बाराव्या बाबीत अनुदान योजना कशी राबवली, किती रक्कम वाटली आणि लाभार्थी कोण, हे स्पष्ट लिहिलंय. जी यादी कार्यालयानं आपणहून लावायची, ती मागितल्यावर वैयक्तिक कशी होते? अपिलात हा एकच प्रश्न ठळक लिहा. आमच्या वेळी दुष्काळी मदतीच्या याद्या चावडीवर डिंकानं चिकटवलेल्या असत. लोक बोट फिरवून आपलं नाव शोधत, शेजाऱ्याचंही बघत, आणि तिथल्या तिथं "ह्याचं रान कुठंय?" म्हणून ओरडा व्हायचा. त्या ओरड्यानं आम्ही कितीतरी नावं दुरुस्त केली आहेत.

आता कायद्यात झालंय काय ते. जुन्या (ञ) मध्ये अशी वैयक्तिक माहिती नाकारता यायची जिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा जी दिल्यानं एखाद्याच्या खासगीपणावर नाहक आघात होईल. तरीही व्यापक जनहित दिसलं तर द्यायची. शिवाय खाली एक ओळ होती: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. मी ती ओळ टेबलाच्या काचेखाली ठेवली होती, कारण अडलं की तिच्यानं उत्तर मिळायचं. आमदारानं तारांकित प्रश्न विचारला तर ही यादी सभागृहात जाईल का? जाईल. मग या बाईला द्या.

२०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या कायद्यानं, कलम ४४(३) मध्ये, हे सगळं काढून टाकलं. उरलं ते फक्त "वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती". नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघाले आणि ही दुरुस्ती लागू झाली. तुमचा अर्ज डिसेंबरचा, म्हणजे नव्या कलमाच्या पहिल्याच तडाख्यात सापडला. सरकारचं म्हणणं, कलम ८(२) शाबूत आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. ते खरं आहे आणि अपिलात त्याचाही आधार घ्या. पण खुर्चीवर बसलेल्या माणसाला फरक कळतो. पूर्वी तराजू त्या कलमातच होता, तोलल्याशिवाय नाकारता येत नव्हतं. आता आधी नकार, आणि मग "देता येईल" एवढीच मुभा. "देता येईल" म्हटल्यावर सही करून अंगावर कोण घेणार? वरून शेरा येण्याची भीती कारकुनाच्या हाडात असते. मी ती भोगलीय.

माझं एक पाप सांगतो. २००८ च्या सुमाराला एक शेतकरी अर्ज घेऊन आला, जुन्या मदतवाटपाचं रजिस्टर हवं होतं. साहेब म्हणाले, "माहिती विस्तृत आहे म्हणून कळव." मी कळवलं. गडी हलला नाही. अपिलात त्याला अभिलेख पाहायची परवानगी मिळाली. मीच त्याला अभिलेख कक्षात नेलं, दप्तर बांधलेला रुमाल सोडला, धूळ झटकली, रजिस्टर समोर ठेवलं. त्याला वाचता जेमतेम यायचं. एकेक ओळ बोटानं सरकवत गेला आणि एका अंगठ्यावर थांबला. निळ्या शाईचा, स्वच्छ उमटलेला. शेजारी त्याच्या थोरल्या भावाचं नाव. वाटपाची तारीख भाऊ वारल्यानंतर चार महिन्यांची. तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "हा कुणाचा?" ओरडला नाही, काही नाही. त्या दिवसापासून मी "विस्तृत आहे" हा शब्द कधी लिहिला नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, दिल्लीतला कायदा आपल्याच्यानं कसा बदलणार.

हा कायदा मुळात तुमच्यासारख्या गावांतूनच वर गेलाय. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या. दुष्काळी कामांचे मस्टर म्हणजे हजेरीपट, बिलं, व्हाउचर गावासमोर मोठ्यानं वाचायचे, ज्याचं नाव आलं त्यानं उठून सांगायचं की मी हे काम केलं की नाही. वकील लागले नाहीत, वाचणारा एक आणि ऐकणारं गाव लागलं. त्यातून १९९६ चं ब्यावरचं ४० दिवसांचं धरणं, त्याच वर्षी माहितीच्या हक्काची राष्ट्रीय मोहीम, आणि न्यायमूर्ती पी. बी. सावंत प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष असताना तयार झालेला कायद्याचा मसुदा. तमिळनाडू आणि गोव्यानं १९९७ मध्ये आपापले कायदे केले. आपल्याकडे आधी एक लंगडा कायदा झाला, मग अण्णा हजाऱ्यांच्या उपोषणांनंतर २००२ चा चांगला कायदा आला. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळायला २००३ चा ऑगस्ट उजाडला. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या कार्यालयांना त्याची सवय लागलेली होती.

त्यानंतर कायद्याला मोठे तीन हात लागले. २००६ मध्ये नस्तीवरच्या, म्हणजे फाइलीवरच्या, टिपण्या कायद्यातून वगळायचं ठरत होतं. अण्णा आळंदीला उपोषणाला बसले, देशभर लोक उठले, दुरुस्ती मागे पडली. २०१९ मध्ये माहिती आयुक्तांची पाच वर्षांची निश्चित मुदत काढून मुदत आणि पगार ठरवायचा अधिकार केंद्राकडे घेतला, नियमांत मुदत तीन वर्षं झाली. विरोध झाला, पण थांबली नाही. तिसरा २०२३ चा.

२००६ ला जमलं आणि पुढे का नाही, यावर मी खूप विचार केलाय. टिपणी म्हणजे काय हे लोकांना माहीत होतं. "माझ्या अर्जावर कुणी काय लिहिलं ते मला कळलं पाहिजे" हे चहाच्या टपरीवरचा माणूसही सांगू शकत होता. आयुक्तांची मुदत तीन वर्षं की पाच, हे कुणाच्या चुलीपर्यंत पोचलं नाही. आणि (ञ) ची दुरुस्ती तर मोबाइल-इंटरनेटच्या कायद्याच्या पोटात ४४ व्या कलमात होती, तिकडं शेतकऱ्याचं लक्ष कसं जाणार? संस्था-संघटनांनी निवेदनं दिली, पत्रकार परिषदा घेतल्या. त्यांचे कष्ट मी कमी लेखत नाही. पण त्यांच्या हातात तेव्हा तुमच्याकडे आहे तो कागद नव्हता.

म्हणून बैठकीला जा, आणि रिकाम्या हातानं जाऊ नका. नकाराचं पत्र, सासूबाईंचा सातबारा आणि ३,४०० ची पावती घेऊन जा. आयोजकांना सांगा, प्रत्येक गावानं आपापली नकारपत्रं आणावीत. काय नाकारलं, कोणत्या तारखेला, काय कारण देऊन. तालुक्यातून अशी वीस पत्रं गोळा झाली तर तुमच्या खासदाराला ती हातात धरून विचारता येईल की तुम्ही हे पास केलंत, आता या बाईला यादी कुठून मिळायची?

मागायचं काय, तर माझ्या लेखी एक नंबर: (ञ) चं जुनं वाक्य जसंच्या तसं परत. दुसरं, दुसरं अपील जिथं जातं त्या माहिती आयोगातली पदं रिकामी होण्याआधी भरा. २०२४ मध्ये महाराष्ट्र आयोगासमोरची प्रलंबित अपिलं-तक्रारी एक लाखाच्या वर होती. पदं वेळेत भरा असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१९ मध्येच सांगितलंय. दुसऱ्या अपिलाला दीड-दोन वर्षं लागली तर तोवर तुमचं पुढचं पीकही पाण्यात जाऊन आलेलं असतं. आणि तिसरं, जे दिल्लीवर अवलंबून नाही: अनुदानाची यादी वाटपाआधी ग्रामसभेत वाचा. वाटपानंतर नको, आधी. याचा ठराव तुमची ग्रामसभा उद्या करू शकते.

जाता जाता एक. राज्य सरकारचा २६ नोव्हेंबर २०१८ चा निर्णय आहे, जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. तालुक्याची यादी मंजुरीसाठी जिल्ह्याला जातेच. अपिलाची वाट बघत बसू नका, एखादा सोमवार जिल्ह्याला जाऊन या.

———

शाळेची घंटा:

मला इथं वेगळं सांगायचंय, राग मानू नका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. घटस्फोटाच्या काळात सासरच्या एकानं माझ्या नावानं नऊ अर्ज टाकले होते. रजेचे अर्ज, वैद्यकीय दाखले, सेवापुस्तक, पगारातून कपात कशाची. मुख्याध्यापक कपाटं उघडून बसायचे आणि मी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे. एका दाखल्यात माझ्या गर्भपाताची नोंद होती. त्यामुळे दुरुस्ती आली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. माहिती मागणारा प्रत्येक जण सासूबाईंच्या शेतासाठी मागत नाही.

———

अभिलेख कक्ष:

बाई, तुमच्यावर फार वाईट वेळ आली. मला त्यात काहीच खोटं वाटत नाही. माझ्या टेबलावरही असले अर्ज यायचे. अडवून पैसे उकळणारे तर यायचेच.

पण एक पाहा. तुमचे वैद्यकीय दाखले जुन्या कलमाखाली सुद्धा देता येत नव्हते. त्यांचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही आणि दिल्यानं खासगीपणावर आघात होतो, या दोन्ही कसोट्यांवर ते बाहेर. २०१२ च्या गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं कर्मचाऱ्याच्या सेवेतल्या नोंदी, विवरणपत्रं यांना वैयक्तिक माहितीच म्हटलं होतं. शिवाय तुमची माहिती द्यायचं मनात असेल तर कलम ११ नुसार आधी तुम्हाला नोटीस देऊन तुमचं म्हणणं ऐकायला हवं. तुम्हाला संरक्षण होतं. ते वापरलं नाही, आणि तुम्हाला कुणी सांगितलंही नाही, ही आमच्यासारख्यांची चूक. तुमचा दाखला आणि ताईंच्या गावची अनुदानाची यादी, या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे ओळखणारी चाळणी त्या कलमात होती. ती काढल्यावर दोन्ही एकाच पोत्यात गेल्या.

तुम्ही बैठकीला गेलात तर हे जरूर बोला. संघटनांनी तुमच्यासारख्यांचं ऐकूनच मागणीचं वाक्य लिहायला हवं.

———

शाळेची घंटा:

नोटिशीचं मला खरंच कुणी सांगितलं नव्हतं. काका, कलम ११ बद्दल सविस्तर लिहाल का? आमच्या केंद्रातल्या दोन जणींना लागेल.

———

अजमेरहून परत:

नोकरीमुळे मी चार वर्षं अजमेरला होते. ब्यावरला चांग गेटपाशी जाऊन आले, जिथं धरणं झालं होतं. बाजाराचीच जागा आहे, भाजीवाले, रिक्षा, गर्दी. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदारानं सांगितलं की धरण्याला बसलेल्यांना गावोगावहून धान्य यायचं आणि बाजारातले लोक भाजी द्यायचे. शहरातल्यांना मस्टरशी काय घेणं होतं, पण त्यांनी ते आपलं मानलं.

दुसरं सांगायचं म्हणजे राजस्थानात सप्टेंबर २०१९ पासून जनसूचना पोर्टल आहे. रेशन, पेन्शन, बऱ्याच योजनांची माहिती अर्ज न करता बघता येते. माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाई मुलाच्या फोनवर आपल्या दुकानाचं धान्य बघायच्या. हे सरकार आणि संघटनांनी एकत्र बसून केलेलं काम आहे. महाराष्ट्रात अनुदानाच्या याद्यांसाठी असंच मागता येईल.

———

मांजराकाठची:

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं लिहिलेलं मी बचत गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं. निळ्या अंगठ्याचं आल्यावर कुणी बोललं नाही बराच वेळ.

काय काय झालं ते सांगते. अपील दिलं, शिक्का घेतला, सुनावणीची तारीख अजून आलेली नाही. तालुक्याच्या बैठकीला आम्ही सहा जणी गेलो. सात गावांतून अकरा नकारपत्रं निघाली. त्यातल्या आठांवर अक्षरशः एकच वाक्य आहे, माझ्या पत्रातलंच. एक घरकुलाच्या यादीचं, एक रस्त्याच्या ठेकेदाराच्या बिलाचं. ठेकेदाराचं बिल वैयक्तिक कसं, हे कुणालाच सांगता येईना. शिक्षिका ताई, तुमचं म्हणणं मी तिथं मांडलं, नाव-गाव न घेता. ते ऐकून मागणीत एक वाक्य वाढवलं: आजारपण आणि घरच्या गोष्टी यांना पूर्वीसारखंच संरक्षण राहावं.

आणि परवाच्या सोमवारी मी जिल्ह्याला गेले. आधी "साहेब नाहीत" झालं, मग शासन निर्णयाची प्रत दाखवली तेव्हा बसायला खुर्ची दिली. सव्वातीनला एका मॅडमनी फाइल आणून ठेवली. त्यात आमच्या गावची पूर्ण यादी होती, नावांसकट. तालुक्याला जी वैयक्तिक होती तीच. फोटो काढू दिले नाहीत, वहीत लिहून घ्या म्हणाल्या. सासूबाईंच्या नावापुढे ०.४० च आहे. पण आमचाच गट नंबर खाली आणखी एका नावापुढे आलाय, ०.८० क्षेत्र लावून. बेरीज बरोबर १.२० होते. ते नाव मी इथं लिहीत नाही, अपिलात लिहिणार आहे.

पाच वाजता मॅडमनी फाइल बंद केली तेव्हा ६१ व्या नावापर्यंत उतरवून झालं होतं. यादी १४८ ची आहे. पुढच्या सोमवारी आम्ही तिघी जाणार, वह्या तीन.